वार्निश अजून वलं हाय

आधी कबुली देतो, कामाचं नंतर सांगतो. आमच्या इंदापूर-बारामतीकडे रिकाम्या गप्पांना ‘वार्निश’ म्हणतात. ‘सकाळधरनं नुसतं वार्निश चाललंय’, ‘त्याच्याकडं जाऊ नको, लई वार्निशवाला हाय’, ‘मीटिंग कसली, नुसतं वार्निश’. हा शब्द लोकांच्या तोंडी मी घातला. ठरवून घातला नाही. मी एका शांत स्वभावाच्या माणसाशी खोटं बोललो आणि त्या खोट्याचा पुढे शब्द झाला. गंमत अशी, की त्या शब्दाचा ठपका त्याच माणसावर बसला, आणि मी कितीतरी वर्षं तोंड मिटून माझं काम करत राहिलो.

माझं काम म्हणजे मोटर रिवायंडिंग. लासुर्ण्याजवळ फाट्यावर पत्र्याचं दुकान आहे. विहिरीवरची, कॅनॉलवरची मोटर जळली की शेतकरी ती माझ्याकडे आणतो. ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोटरीच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. व्होल्टेज कमी-जास्त झालं, पाणी शिरलं किंवा मालकानं फ्यूजच्या जागी जाड तार घातली, की ती वेटोळी जळतात. त्या जळक्या तारेचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही. माझ्या बायकोनं लग्नानंतर पहिला प्रश्न त्या वासाबद्दलच विचारला होता. मग मी जळकी तार उपसून काढतो, खाचा साफ करतो, नवा कागद घालतो, नवी तार फर्म्यावर गुंडाळून खाचांत बसवतो, दोऱ्यानं बांधतो; याला आम्ही मोटर भरणं म्हणतो. शेवटी वरून वार्निश ओततो आणि भट्टीत सुकवतो.

हे वार्निश फार महत्त्वाचं. ते पक्कं सुकलं नाही आणि मोटर चालू केली, तर पुन्हा सगळं जळून जातं. प्रत्येक शेतकऱ्याला एवढं ठाऊक असतं. आणि इथंच मिस्त्री लोकांची सोय असते. शिंप्याकडे गेलात तर काजं-बटणं राहिलेली असतात. आमच्याकडे वार्निश ओलं असतं. मोटरीला अजून हातसुद्धा लावलेला नसला तरी वार्निश ओलं असतं. ‘झालंच हाय, फकस्त वार्निश वलं हाय’ असं म्हटलं, की समोरचा रागावू शकत नाही. त्याला वाटतं, मिस्त्रीनं आपलं काम केलं, आता उरलं ते वार्निशच्या हातात.

उन्हाळ्यात सगळ्या मोटरी एकाच आठवड्यात जळतात. मी सगळ्यांना गुरुवार सांगायचो. गुरुवार का, ते मला आजही सांगता येणार नाही. तोंडाला सवय होती. गुरुवारी सकाळी दुकानापुढे मोटरसायकली आणि छोटा हत्ती टेंपो यांची रांग लागायची आणि आत मी एकटा. तेव्हा मला ती युक्ती सुचली.

माझी भट्टी म्हणजे एक जुनं पत्र्याचं कपाट. आत दोन मोठे बल्ब, दाराला एक भोक. भोकातून पिवळा उजेड दिसला की भट्टी चालू आहे असं समजायचं. एका गुरुवारी मी रिकाम्या भट्टीतले बल्ब लावले आणि दाराला कडी घातली. येईल त्याला म्हणालो, ‘तुमची आतच हाय. दार उघडू नका, गार हवा लागली की वार्निशला तडं जात्यात.’ ही तडे जाण्याची गोष्ट मी जागच्या जागी रचली. पण लोकांनी ती इतक्या गांभीर्यानं ऐकली, की संध्याकाळपर्यंत माझाही तिच्यावर विश्वास बसला. भवानीनगरहून आलेला एक कारखान्यातला माणूस तर भट्टीपुढून जाताना आवाज बारीक करायचा, बाळ झोपलेल्या खोलीतून जावं तसा. लासुर्ण्याचे एक गृहस्थ भोकाला नाक लावून वास घेत आणि मान हलवत. ‘आलंय, निम्म्याच्या वर आलंय,’ म्हणत. आत काही नव्हतं हो! फार तर एखादी पाल असेल.

लोक थांबायचे आणि थांबले की बोलायचे. बोलणाऱ्या माणसाची मला भीती नव्हती. तो पावसावर बोलतो, उसाच्या तोडीवर बोलतो, साडूवर बोलतो, आणि तेवढ्यात मी त्याच्याच देखत दुसऱ्याची मोटर भरून संपवतो. अडचण गप्प बसणाऱ्याची. त्याला दुसरं काही करायला नसतं, म्हणून तो मिस्त्रीच्या हाताकडे बघतो.

सोपानआबा असे गप्प बसणारे होते.

आबा शेळगावचे. पेरू आणि भाजीपाला करायचे. वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे, अंगानं बारीक, आणि तोंडातून शब्द असा निघायचा नाही. मोटर टाकायला आले तेव्हा ‘जळली’ म्हणाले. मी ‘गुरुवारी’ म्हणालो. ते ‘बरं’ म्हणाले. असा आमचा पूर्ण व्यवहार झाला.

गुरुवारी आबा आले तेव्हा त्यांची मोटर होती तिथंच, तशीच होती. एक बोल्टसुद्धा खोललेला नव्हता. ती दाराशी आडवी पडली होती आणि बाहेर ते मोटरसायकल उभी करेपर्यंत मला एवढाच वेळ मिळाला, की मी तिच्यावर दोन पोती टाकली. आबा आत आले. मी भट्टीकडे बोट दाखवून म्हणालो, ‘आबा, वार्निश अजून वलं हाय. बसा जरा.’

बाकडं भरलेलं होतं. आबांनी इकडं-तिकडं पाहिलं आणि ते त्या पोत्यांवर बसले.

म्हणजे आबा स्वतःच्या मोटरीवर बसून स्वतःच्या मोटरीची वाट बघू लागले. ते जरा जरी हलले असते, पोतं जरी सरकलं असतं, तरी खालून त्यांचीच निळ्या रंगाची, त्यांच्याच हातानं नाव घातलेली मोटर बाहेर आली असती. आणि आबा काही बोलेनात. भट्टीकडे बघायचे, मग माझ्या हाताकडे बघायचे, मग बूड हलवून नीट बसायचे. खाली बोल्ट टोचत असणार.

त्यांना बोलतं केल्याशिवाय माझी सुटका नव्हती. मी विचारलं, ‘आबा, पेरूला पाणी किती दिसानं देताय?’

‘बगून.’

‘यंदा फळ कसं हाय?’

‘हाय.’

‘पावणेरावळे काय म्हणत्यात?’

‘काय न्हाय.’

मी हातातली तार ठेवली आणि जे सुचलं ते विचारलं. ‘आबा, तुमचं लगीन कसं ठरलं वो?’

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे उठणार. पण त्यांच्या तोंडाच्या कडेला काहीतरी हललं. ते म्हणाले, ‘ती एक गंमतच झाली.’

आणि ते सुरू झाले.

मुलगी बघायला गेले तेव्हा आबा इतके गप्प बसले होते, की मुलीच्या मामाला संशय आला, पोरगा मुका आहे आणि हे लोक आपल्याला फसवतायत. मामानं परीक्षा घ्यायची म्हणून आबांच्या एकट्याच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. माणूस बोलता असेल तर ओरडेल, असा हिशेब. आबांनी तो चहा बशीत ओतून, फुंकर मारून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि बशी खाली ठेवली. मामा म्हणाला, ‘आजून घेणार का?’ आबा म्हणाले, ‘भरपूर झाला.’ आतून चुलीपाशी बसलेली मुलगी हसली, आणि तिनं आईला सांगितलं, की मला हाच नवरा पाहिजे. तिचे वडील घरात चोवीस तास बोलायचे. तिला गप्प माणूस हवा होता.

आता हे मी चार ओळींत लिहिलं. आबांनी ते सांगायला दुपार केली. मामाच्या मिशा कशा होत्या, मिठाचा डबा कुठल्या फळीवर होता, बशीला तडा कुठं गेला होता, सगळं. इतकी वर्षं न बोललेलं सगळं त्या माणसाच्या आत जसंच्या तसं रचून ठेवलेलं होतं. बाकड्यावरचे लोक हसून हसून वाकले. ज्याची मोटर झाली तोही घरी जाईना. चहाच्या टपरीवाला किटली घेऊन आला आणि किटली धरून तिथंच उभा राहिला. मी त्या दिवशी तीन जणांची कामं उरकली आणि कुणाचं माझ्याकडे लक्ष गेलं नाही. संध्याकाळी आबा स्वतःच म्हणाले, ‘मिस्त्री, आज काय ते सुकत न्हाय. उद्या येतो.’ रात्री बसून मी त्यांची मोटर भरली. दुसऱ्या दिवशी त्यांना ती मिळाली.

शब्द निघाला तो त्याच दिवशी. अंधार पडल्यावर घरी पोचलेल्या गड्यांना बायकांनी विचारलं, ‘कुठं व्हता दिवसभर?’ सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, ‘वार्निश सुकत व्हतं.’ ते खरंच होतं त्यांच्या दृष्टीनं. पुढच्या गुरुवारीही हेच उत्तर. मग ज्या दिवशी मोटर जळलेली नव्हती त्या दिवशीही हेच. बायका काही कमी नसतात. गडी पारावर बसलेला दिसला की त्या लांबूनच विचारू लागल्या, ‘सुकलं का वार्निश?’ तिथून ते शाळेत गेलं, सोसायटीत गेलं, ट्रॅक्टरच्या मागं बसून कारखान्यावर गेलं. माझी मुलगी बारामतीला कॉलेजात गेली तेव्हा तिच्या ग्रुपचं नाव ‘वार्निश कट्टा’ होतं. ती घरी येऊन मला विचारते, ‘पप्पा, हा शब्द कुठून आला असेल?’ मी म्हणालो, ‘जुना असेल.’ पोटच्या पोरीशीही खोटं.

लोकांनी मग आपापल्या परीनं उगम शोधले. कुणी म्हणे, वार्निशसारखं बोलणं, वरून चकचकीत आणि खाली लाकूड किडलेलं. एका निवृत्त गुरुजींनी तर कॅनॉल खोदला तेव्हाच्या वार्निश नावाच्या गोऱ्या साहेबाचा शोध लावला. तो साहेब म्हणे खोदकाम थांबवून मजुरांशी तासन्‌तास बोलायचा. गुरुजींनी त्याच्या टोपीचं वर्णनही केलं. पण सगळ्यांत जास्त चालला तो तिसरा उगम: शेळगावचे सोपानआबा. कारण त्या दिवसापासून आबा थांबलेच नाहीत.

मी त्यांचं झाकण उघडलं होतं आणि ते परत बसेना. आबा बाजारात बोलू लागले, दुधाच्या डेअरीवर बोलू लागले, तेराव्याला जेवायला बसलेल्या पंगतीतसुद्धा बोलू लागले. माझ्याकडे तर मोटर चांगली असली तरी यायचे. आणि हा शब्द सगळ्यांत जास्त कुणी वापरला असेल, तर आबांनीच. ‘चला, जरा वार्निश लावू,’ म्हणत दुकानात शिरायचे. त्यांना वाटायचं, हा सगळ्या भागाचा शब्द आहे, त्यात आपलं काय. पाठीमागे लोक त्यांना वार्निशआबा म्हणतात, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. त्यांना सोडून.

हे मला रोज ऐकावं लागायचं. दुसऱ्या कुणाला ती एक गंमत होती. मला प्रत्येक वेळी त्या शब्दात माझी रिकामी भट्टी दिसायची. मी गुरुवार सांगायचं सोडलं, रिकामी भट्टी पेटवायचं सोडलं. दुकानात पाटी लावली, ‘काम झाल्यावर फोन करू.’ पण आबांना खरं सांगणं झालं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता माझे केस पांढरे झाले आणि आबांचे गेले.

मग बारामतीत एक लग्न आलं. आमच्या ओळखीतलं, मंगल कार्यालयात. हल्ली लग्नात माईकवर बोलायला एक निवेदक असतो. आबांना आशीर्वाद द्यायला बोलावलं आणि माईक हातात आल्यावर आबांनी मिठाच्या चहाची गोष्ट काढली. ती काढणारच होते. पण जेवणाची घाई होती, फोटोवाला हातवारे करत होता, वरपक्षाचे लोक घड्याळाकडे बघत होते. मामाच्या मिशांपर्यंत गोष्ट आली आणि निवेदकानं दुसऱ्या माईकवरून हसत हसत म्हटलं, ‘मंडळी, वार्निश हा शब्द आपण सगळेच वापरतो. तो ज्यांच्यावरून पडला ते आपले शेळगावचे वार्निशआबा हेच! आबा, आता वार्निश सुकू द्या, पंगत बसायचीय!’

सगळं कार्यालय हसलं. टाळ्या पडल्या. आबांनी आधी सगळ्यांबरोबर हसायला सुरुवात केली, मग ते मध्येच थांबले. त्यांनी लोकांकडे एकदा नीट पाहिलं. माईक दोन्ही हातांनी, सांडू नये तसा, खुर्चीवर ठेवला आणि खाली उतरले.

मी तिथं होतो. आणि मीही हसलो. जिलबी तोंडात होती, आजूबाजूचे हसत होते, मी हसलो. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा वाईट.

त्यानंतर आबा दुकानात आले नाहीत. मी मनाची समजूत घातली, की पेरूचा सीझन आहे, कामात असतील. एके दिवशी सकाळी एका शेजाऱ्याच्या स्कूटीवर मागं बसून ताराकाकू आल्या. आबांच्या पत्नी. हातात मिक्सर होता.

‘मिस्त्री, ह्यो जळलाय का बगा.’

मी वायर लावली. मिक्सर सुरळीत फिरला.

‘काकू, ह्याला काय झालं न्हाय.’

‘ठाऊक हाय मला,’ त्या म्हणाल्या. ‘कायतरी हातात असल्याबिगर दुकानात कसं यायचं?’ आणि बाकड्यावर बसल्या. ‘ह्यांनी बोलणं टाकलंय.’

मी मिक्सरची वायर काढून ठेवली.

‘कुणी बोललं तर मान हालिवत्यात. रानात जात्यात, येत्यात, जेवत्यात, झोपत्यात. परवा नातू म्हणला, आबा, मिठाच्या चाची गोष्ट सांगा. तर उठून भाईर गेले. मिस्त्री, मी गप माणूस बगूनच लगीन केलं, खोटं कशाला बोलू. पण तवा गप व्हते ते सभावानं. आता गप हाईत ते दुखून. आमाला ऐकू येतो की त्यातला फरक. पयलं घरात शांतता व्हती. आता घरात कायच न्हाय.’

‘मी काय करू, काकू?’

‘ते हितंच बोलायला शिकले ना? मग तुमीच बगा, कुठली तार तुटलीय.’

त्या मिक्सर घेऊन गेल्या. मी शटर ओढलं आणि मोटरसायकल काढली. मला भीती होती, की थोडं थांबलो तर पुन्हा ‘उद्या’ म्हणेन. स्कूटी शेळगावला पोचायच्या आधी मी तिला मागं टाकलं.

आबा पडवीत बसले होते. पुढं पेरूचा ढीग होता आणि ते एकेका फळावर पांढरी फोमची जाळी चढवून खोक्यात रचत होते. मला पाहून त्यांनी मान हलवली आणि शेजारी थोडी जागा केली. मी बसलो. चार-दोन पेरूंना जाळ्या घातल्या. मग म्हणालो, ‘आबा, त्या लग्नात मी पण हसलो.’

‘दिसलं,’ आबा म्हणाले. ‘जिलबी व्हती तोंडात.’

‘पण त्यो शबुद तुमच्यावरनं पडला न्हाय. माझ्यावरनं पडला.’

आबांचा हात जाळीत थांबला. मी सगळं सांगून टाकलं. गुरुवार, रिकामी भट्टी, बल्ब, गार हवेनं जाणारे तडे. ‘तुमी पयल्यांदा बसून बोललात त्या दिवशी भट्टीत तुमची मोटर न्हवती. कुणाचीच न्हवती.’

आबांनी हातातल्या पेरूवरची जाळी सरळ केली आणि विचारलं, ‘मग माझी मोटर कुठं व्हती?’

‘दुकानातच.’

‘दुकानात कुठं?’

‘पोत्याखाली.’

‘कंच्या पोत्याखाली?’

मी सांगितलं. तेवढ्यात ताराकाकू अंगणात उतरल्या आणि मिक्सर काखेत धरून तिथंच थांबल्या.

‘म्हंजी,’ आबा अगदी सावकाश म्हणाले, ‘मी दिवसभर माझ्याच मोटरीवर बसून माझ्याच मोटरीची वाट बगितली?’

‘व्हय.’

‘आन मला खालनं टोचत व्हतं, ती माझीच मोटर व्हती?’

‘तुमचीच.’

आबांच्या तोंडाच्या कडेला काहीतरी हललं. मग खांदे हलले. मग त्यांच्या घशातून असा एक आवाज निघाला, की आतून नातू पळत आला. आबा हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, हातातला पेरू ढिगात पडून चार पेरू घरंगळेपर्यंत हसले. ‘अगं ऐकलंस का! आगं, मला वाटायचं, मिस्त्रीच्या दुकानातलं पोतं इतकं कडक कसं! मी तर येताना म्हणलं बी व्हतं याला, मिस्त्री, ह्या पोत्यात काय भरलंय? म्हणलं व्हतं का न्हाय?’

असं ते काही म्हणाले नव्हते. पण मी ‘व्हय’ म्हणालो.

‘आन हा म्हणला, सिमेंट!’

हेही मी म्हणालो नव्हतो. गोष्ट सुरू झाली होती. आबांनी खिशातून फोन काढला आणि एका चुलतभावाला लावला. ‘आरं, हितं ये ताबडतोब. न्हाय, कुणाला काय झालं न्हाय. मिस्त्री आलाय, त्यानं मला माझ्याच मोटरीवर बसिवलं व्हतं!’ फोन ठेवून माझ्याकडे वळले. ‘आन त्यो शबुद आता तुझा. मिस्त्रीवार्निश म्हणायचं. माझं नाव काढून टाक. त्या माईकवाल्याला बी सांग.’

‘सांगतो. आबा, पण मला आधी माफी...’

‘थांब रं. मला सांग, मी उठलो तवा पोतं हाललं का? हाललंच असंल! तू काय केलंस? पाय ठिवलास त्याच्यावर?’

‘आबा, मी माफी मागायला आलोय.’

‘मागशील की! त्याची काय घाई हाय? भट्टीत दिवे किती व्हते? दोन? चार म्हणू आपुन.’

चुलतभाऊ आला. त्याला पहिल्यापासून सांगणं झालं. तोवर गोष्टीत पोत्याच्या जागी मोटरीवर चादर आली होती आणि चादरीवर मी आबांना आग्रहानं बसवलं होतं. मी तिसऱ्यांदा ‘आबा, मला...’ म्हणालो आणि पुन्हा माझं बोलणं मागं राहिलं. आबांना माझी माफी नकोच होती. त्यांना गोष्ट मिळाली होती, आणि ती आता बारामतीपर्यंत जाईल, माझ्या दुकानाची अब्रू घेऊन जाईल, हे मला दिसत होतं. ते बरोबरच होतं.

पण ताराकाकू हसत नव्हत्या. त्यांनी मिक्सर ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘त्या दिवशी मी मिरचीच्या रोपांना कळशीनं पाणी घातलं.’

आबा थांबले.

‘सकाळधरनं दिवस बुडंपतुर. शेजारच्या हिरीवरनं. रोपं कवळी व्हती, ऊन लई व्हतं. ह्ये मोटर घिऊन आत्ता येतील, मग येतील, म्हणून वाटंकडं बगत. मान धरली व्हती माझी. रातच्याला ह्ये आले ते रिकामे, आन हसत. तवा मी कायच बोलले न्हाय. म्हणलं, मोटर भट्टीत व्हती, त्याला ह्ये तरी काय करतील.’

चुलतभावानं उगाच एक पेरू उचलला आणि खाली ठेवला. इतकी वर्षं मी माफी घेऊन फिरत होतो ती चुकीच्या माणसासाठी. आबांनी त्या दिवशी सावलीत बसून चहा प्यायला होता, लोकांना हसवलं होतं. माझ्या खोट्याची कळशी काकूंनी उचलली होती आणि त्या माझ्या हिशेबातच नव्हत्या.

आबांनी तोंड उघडलं. ‘आगं पण तू मला...’

‘आवं,’ काकू म्हणाल्या, ‘तुमी जरा थांबा. कवापासनं त्यो माफी मागायला बसलाय. मागू द्या की त्याला.’

आबा थांबले. मी उठून ओट्यापाशी गेलो. मोटरी भरणाऱ्या माणसाला बोलायचा सराव नसतो, आम्ही दुसऱ्यांना बोलायला लावतो. तरी जे म्हणालो ते असं:

‘काकू, मोटर भट्टीत न्हवती. मी तिला हात बी लावला न्हवता, आन वार्निश वलं हाय म्हणून खोटं बोललो. तुमची मान माझ्यामुळं धरली. तुमचा माणूस सगळ्यांनी हसण्यावारी नेला, तो बी माझ्यामुळं, आन मी त्यात हसलो. माझं चुकलं, काकू. मला माफ करा.’